फळ्यावरचा कॉम्प्युटर

सालिफू सरांनी फळ्यावर खडूने कॉम्प्युटर काढला होता आणि पुठ्ठ्यावर कीबोर्ड. रेडिओवर लागेल ते गाणं मी त्या पुठ्ठ्यावर टाईप करायचे. बोटं घासून घासून अर्धी अक्षरं पुसली गेली, पण माझी बोटं चुकत नव्हती.

आज तमाले शहरात कॉम्प्युटरच्या परीक्षेत समोर पहिल्यांदाच खराखुरा कॉम्प्युटर आला. वीस मिनिटं झाली, शेजारचे सगळे खटाखट लिहीत सुटलेत आणि माझ्यापुढे नुसती काळी काच.

"काय गं, काहीच येत नाही का?" पहाऱ्यावरच्या बाई खेकसल्या.

"सगळं येतं, बाई!" मला रडूच फुटलं.

"मग चालू कर की तो!"

"कसा करायचा? आमच्या सरांनी काढलेला कधी बंदच नसायचा."