थंड म्हणायचं नाही

लाकडी टाकीतल्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून मंडळाची माणसं सभेला बसली होती आणि प्रेबेन मशीनच्या विरोधात बोलत होता.

लिमफ्योर्ड खाडीच्या काठी हिवाळाभर समुद्रात डुबक्या मारणाऱ्यांचं हे मंडळ. त्यांची वार्षिक सभा अशीच भरते. आधी खाडीत उडी, मग टाकीत बसून कामकाज. उकडायला लागलं की माणसं भाषण आवरतं घेतात, म्हणून अध्यक्ष ग्रेथेला ही पद्धत पसंत आहे. आणखी एक नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. पाण्यातून वर आल्यावर ‘थंड आहे’ म्हणायचं नाही. म्हणेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी केक आणायचा. गेल्या कित्येक वर्षांत इथे कोणी केक खाल्लेला नाही.

मत घ्यायचं होतं ते टाकी तापवणाऱ्या हीट पंपावर. जुन्या पंपातला वायू सारखा गळायचा आणि तो हवामानाच्या मुळावर उठलेला. ग्रेथेची भाची आस्ता हिने बोटीच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून नवा पंप केला. त्यात वायू साधा, सोड्याच्या बाटलीतला. पण तो दाबायला कॉम्प्रेसरला फार जोर लागतो. वीज परवडायची नाही, असं सांगून सगळ्यांनी तिला वाटेला लावलं होतं. आस्ताने दाबातून सुटणाऱ्या वायूचाच जोर परत कॉम्प्रेसरच्या मदतीला जुंपला. कपीवर एक बादली खाली जाताना दुसरीला वर ओढते, तसा. वीज जुन्या पंपापेक्षाही कमी लागायला लागली. मंडळाने एक हिवाळा वापरून बघायचं कबूल केलं, आणि त्यांच्याखेरीज तिला गिऱ्हाईक नव्हतं. आज ही मंडळी नाही म्हणाली की शेडला कुलूप. मग कोपनहेगनला जाऊन त्याच घातक वायूची मशीनं जोडत बसायचं.

प्रेबेन दातांचा निवृत्त डॉक्टर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, मंडळातला सगळ्यात चिवट गडी. त्याचं म्हणणं असं, की मशीन चांगलं आहे हीच तर पंचाईत आहे. टाकी इतकी झकास तापते की माणसं मऊ पडली. खाडीपलीकडचं मंडळ आता आपल्याला ‘सूप’ म्हणतं. एवढं बोलून तो अडखळला.

“माझंच सांगतो,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “मागच्या वर्षी खाडीत शिडीला धरून अख्खं गाणं म्हणायचो. यंदा पहिल्या ओळीलाच दात वाजतात. हे मशीन आल्यापासून. आणि मशीनमुळे नसेल, तर मग वय झालं म्हणायचं.”

टाकीत जो तो दुसऱ्याची नजर चुकवत होता. हिवाळाभर सगळेच लवकर वर येत होते आणि प्रत्येकजण ते बाकीच्यांपासून लपवत होता.

आस्ता टाकीच्या कडेला जाड स्वेटर घालून बसली होती. खाडीकाठी वाढूनही तिने जन्मात तिथे पाय बुडवला नव्हता, आणि त्यावरून तिची यथेच्छ चेष्टा व्हायची. प्रेबेनचं ऐकून ती पुढे वाकली.

“कुठली शिडी?” तिने विचारलं.

“दक्षिणेकडची. सगळे तिथूनच तर उतरतो.”

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. ग्रेथे रोज पाण्याचं तापमान मोजायची ते धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला. पण म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा आस्ताला बघवेना.

“प्रेबेन, वयाचं काही नाही. मी गाढव आहे,” ती म्हणाली. “मशीन खाडीच्या पाण्यातली ऊब काढून घेतं आणि उरलेलं पाणी परत सोडतं. ते मी नेमकं तुमच्या शिडीखाली सोडलंय. पाइप बांधायला तिथे खांब बरा होता, एवढंच बघितलं. कुणीतरी एका शब्दाने बोललं असतं तर मी लगेच हलवला असता.”

“बोलणार कसं?” ग्रेथे म्हणाली. “केक आणावा लागला असता.”

पाण्यात किती फरक पडतो, असं प्रेबेनने विचारलं. तीन अंश तरी, आस्ता म्हणाली. मत काहीही पडो, उद्या सकाळी पाइप लांब नेते, असंही तिने सांगून टाकलं. आता सगळं संपलं, असं तिला वाटत होतं.

प्रेबेन मनातल्या मनात हिशेब करत होता. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळायला लागला.

“म्हणजे पलीकडचे चार अंशांत डुंबतायत आणि मी एकात?”

“हो.”

“आणि वर गातोय.”

“एक ओळ,” ग्रेथे म्हणाली.

प्रेबेनने पाण्यातून हात वर काढला. “माझं मत मशीनला. पण पाइपला हात लावलास तर मत परत घेईन.”

मग हात वर येतच राहिले. वाफा निघणारे, लालबुंद, एकूण एक. आस्ताने तोंड फिरवून डोळे पुसले आणि डोळ्यांत वाफ गेली म्हणून सांगितलं. कुणालाही ते पटलं नाही.

सभा संपल्याचं ग्रेथेने जाहीर करेपर्यंत टाकी निम्मी रिकामी झाली होती. मंडळी टॉवेल सावरत, एकमेकांना ढकलत दक्षिणेच्या शिडीकडे पळाली आणि तिथे रांग लागली. सगळ्यात पुढे प्रेबेन. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि तिथूनच त्याने मान वर करून हाक मारली.

“आस्ता, हे मशीन तू अजून सुधारलंस, जास्त ऊब ओढायला लागलं, तर इथला पारा आणखी खाली जाईल का?”

“जाईल.”

“मग बसलीस काय? जा, लाग कामाला.”