पहिला खेळ पक्षीवाल्यांसाठी

पडद्यावर दंतवैद्य चिखलातून पोटावर सरपटत होता, ज्या पक्ष्याला तो शोधत होता तो त्याच्याच टोपीवर बसला होता, आणि थिएटरात कुणीही हसलं नाही.

दिग्दर्शिकेने शेवटच्या रांगेतून मान उंच करून पाहिलं. पक्षीनिरीक्षक मंडळाचे सभासद सहकुटुंब आले होते आणि हेडमास्तर वर्गात शिरल्यासारखे गप्प बसले होते.

"हा विनोद होता ना?" शेजारून मामाने विचारलं.

"हो, मामा."

"बरं झालं सांगितलंस."

मामाचं चपलांचं दुकान होतं. सिनेमाचा सगळा खर्च त्याने केला होता आणि अट एकच घातली होती. "चप्पल माझ्या पायाला बसून उपयोग नाही, गिऱ्हाईकाच्या पायाला बसली पाहिजे. ज्यांची टिंगल केलीयस, त्यांना आधी हसव. हसले तर सगळीकडे लावू. नाही हसले तर पक्षी ठेवायचे, माणसं कापायची आणि उरेल तो माहितीपट शाळांना विकायचा."

घेणाराही त्याने बघून ठेवला होता. मामाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रागाच्या भरात एकदा "साखर सोडली" म्हणाला, तो आजतागायत फिका चहा पितो.

अट तिने हसत हसत मान्य केली होती. सगळा सिनेमाच मुळी तिने या मंडळींच्या चहाच्या टेबलावर बसून लिहिला होता. पहाटे उठून त्यांच्याबरोबर रानात जाणं तिच्याच्याने कधी झालं नाही. ती पोचायची ती मंडळी परत येऊन चहाला बसल्यावर. पण तिथे काय ती भांडणं आणि काय ते टोमणे! कोण जास्त पक्षी पाहतो अशी त्यांची स्पर्धा असते, आणि एकट्याने पाहिलेला पक्षी तिच्यात धरत नाहीत, साक्षीदार लागतो, म्हणून आपल्या हाडवैऱ्यालाच तो बोट धरून दाखवावा लागतो. मंडळाचे अध्यक्ष हसायला लागले की कपबशा वाजायच्या. ही माणसं नाही हसणार तर हसणार तरी कोण?

पडद्यावर आता दंतवैद्याचे हाडवैरी, निवृत्त मुख्याध्यापक, झुडपातून बाहेर आले होते. त्यांना टोपीवरचा पक्षी दिसत होता. साक्षीदार म्हणून मात्र दंतवैद्य एकटाच हजर, आणि त्याने वर पाहिलं की पक्षी भुर्र. ते घाम पुसत त्याला सांगत होते, "डॉक्टर, अजिबात न हलता स्वतःच्या डोक्यावर बघा." या वाक्यावर दिग्दर्शिका स्वतः लिहिताना खुर्चीवरून पडली होती.

थिएटरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

तिसऱ्या रांगेत अध्यक्षांचे खांदे थरथरत होते. म्हाताऱ्याला थंडी वाजत असेल म्हणून तिने डोअरकीपरकडून एसी कमी करून घेतला. थरथर काही थांबली नाही. त्यांच्या मागच्या बाईंनी रुमाल दातांत धरला होता. जांभया दाबताहेत, दुसरं काय!

मग माणसं उठायला लागली. पडद्याशेजारी जाड गादी मारलेलं एक दार होतं, मागच्या पायऱ्यांवर उघडणारं. एकजण कमरेत वाकून, पाय न वाजवता त्या दाराने गेला. मग त्याची बायको गेली. मग अख्खी एक रांग.

"निदान पद्धतशीर तरी जाताहेत," मामा म्हणाला.

पहिला परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. बाहेर डुलकी काढून आला मेला, असं तिला वाटलं. तिला आता रडूही येत होतं आणि या सगळ्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. अरे, टेबलावर एकमेकांच्या टाळ्या घेऊन हसता ना? मग इथेच का तोंडं शिवून बसलात?

तेवढ्यात अध्यक्ष खुर्चीखाली गेले. चष्मा पडला असेल. पण मग ते तसेच उठले आणि तोंडावर हात दाबून, भिंतीचा आधार घेत, त्या दाराने निघून गेले.

त्यांना निदान शेवटपर्यंत बसवेल असं तिला वाटलं होतं.

"चिमे," मामा या वेळी हळू आवाजात म्हणाला, "अजून बघायचंय?"

"शेवट चांगला आहे रे, मामा."

"असेल. तो बघायला राहतंय कोण?"

दुसऱ्याने पाहिल्याशिवाय पक्षी धरत नाहीत. सिनेमाचं तरी वेगळं काय होतं?

"दे त्या माहितीपटवाल्यांना शब्द," ती म्हणाली. "कापू देत."

मामा फोन घेऊन ऑपरेटरच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याने लहानपणी ठेवायचा तसा तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दिला शब्द. उद्या सकाळी माणूस येऊन सिनेमा घेऊन जाईल."

ती उठली. जायच्या आधी अध्यक्षांची माफी तरी मागावी. इतके दिवस चहा पाजला होता त्यांनी. पडद्याच्या उजेडात ती त्या जाड दारापाशी गेली. डोअरकीपर दाराला पाठ लावून उभा होता.

"जरा बेताने उघडा हं, मॅडम," तो तिच्या कानाशी कुजबुजला. "पलीकडे पायऱ्यांवर माणसं पोट धरून लोळताहेत. अध्यक्षांना तर मी पाणी पाजून आलो. म्हटलं, साहेब, एवढं हसू येतंय तर आत बसून का नाही हसत? तर मलाच दटावलं त्यांनी. म्हणाले, आत कसं हसणार? समोर पक्षी आहे, उडून जाईल ना!"