करपल्याचा वास

परत गेलेला चहा. भिजवलेली पातळ लाकडी पट्टी. तापलेली लोखंडी नळी. करपल्याचा वास.

"वन्सं, पट्टी जाळलीत ना?" भावजयीने आतून विचारलं.

"तुझी भाकरी असेल!" कुमुद म्हणाली.

"गॅस बंद आहे हो!"

कुमुदने पाहिलं. छोट्या गिटारीसारख्या युकुलेलेच्या कडेची पट्टी नळीवर सुरेख वळली होती. कुठेही डाग नव्हता. लाकूड कधी ऐकतं, हे तिला नेहमी हाताचे तळवेच सांगत.

मग धूर दिसला. तिचाच डावा तळवा नळीला चिकटला होता. तिने तो ओढून काढला. कातडी नळीवरच राहिली. हात मात्र दुखलाच नाही. जराही.

सकाळी कपाला हात लावून कुमुदने गार म्हणून परत पाठवलेला चहा चांगला कढत होता.