थोरल्या वहिनीचा आग्रह

मुलगी बघायचा कार्यक्रम मुलाकडच्यांनी संभाजीनगरच्या एका एसी हॉटेलात ठेवला होता. खुलताबादहून आलेल्या तनुजाला मुलाची थोरली वहिनी आग्रह करकरून वाढत होती. "आमच्या सासूबाई लई मायाळू. मला लेकीवानी ठेवतात," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तनुजाच्या आईचा जीव भांड्यात पडला.

जेवणं झाल्यावर तनुजा आणि वहिनी बेसिनवर गेल्या. हात धुताना वहिनीची लांब बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत उलथन्याचे चटके होते. काही अजून ओले होते.

"वहिनी, हे कुणी केलं?"

वहिनीनं बाही खाली ओढली आणि नळ मोठा सोडला.

"तनुजा, तू व्हय म्हण. पाया पडते तुझ्या. तू आलीस तर माझ्या वाट्याला निम्मंच येईल."