दबक्या घंटा

गावाकडचा चढ अर्धा झाला आणि चर्चच्या घंटा सुरू झाल्या. कॉलिन जागच्या जागी थांबला. आवाज दबका होता.

स्टेनब्रीत दर गुरुवारी बाजार उघडताना सहा घंटा वाजतात, मोकळ्या, कानठळ्या बसवणाऱ्या. लोलकांना चामडं बांधून वाजवतात ते गावातलं कुणी मोठं गेलं तरच. आणि कॉलिनचे बाबा, विल्फ ट्रँटर, पन्नास वर्षं त्यातली सगळ्यात जड घंटा दोरानं ओढत आले होते. परवाच बहिणीचा फोन आला होता, "न्यूमोनियातून उठलेत, पण अंगात काही उरलं नाही. अबोला सोडायचा असेल तर आत्ता ये."

अबोला नऊ वर्षांचा. "तुम्हाला त्या दोरापलीकडे माणूस दिसतच नाही," असं तोडून बोलून कॉलिन लेस्टरला निघून गेला होता. लग्न झालं, मुलं झाली, पण घरी दोन ओळी लिहिल्या नाहीत. हट्टीपणात बापलेक एकाच माळेचे मणी.

चौकात चीजवाल्या मिसेस प्रॉबर्टनी त्याला ओळखलं. "विल्फचा ना रे तू? ऐकतोयस ना? काय दिवस आलेत बघ गावावर!" आणि त्यांनी मान हलवली.

म्हणजे बाबा गेले, आपण उशिरा पोचलो. आता करण्यासारखं एकच उरलं होतं. बाबांचा दोर निदान आज तरी आपण ओढायचा. शिकवलं त्यांनीच होतं.

मनोऱ्याचा गोल जिना तो रडतच चढला आणि दार ढकललं. सहाव्या दोराशी बाबा उभे होते. गळ्यात मफलर, गालांची हाडं वर आलेली, पण स्वतःच्या पायांवर उभे. कॉलिनचा जीव भांड्यात पडला.

"बाबा!"

पन्नास वर्षांत न चुकलेला टोला त्या हाकेसरशी चुकला. विल्फनी बाकीचे दोर ओढणाऱ्यांना खूण केली. घंटा एकेक करून शांत झाल्या.

"मला वाटलं, तुम्ही..."

"मी? छट्! सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांची झोप मोडते म्हणे. त्यांनी तक्रार केली, म्हणून चामडं! बाजारच्या दिवशी!" विल्फ खोकला येईपर्यंत चिडले. मग मुलाकडे बघत राहिले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"वर जा, सगळं चामडं सोडून ये," ते म्हणाले. "माझा पोरगा घरी आलाय. गावाला कळू दे."