तीन महिन्यांचं काम

"आठ दिवसांत कार्यालय मिळालं तर लग्न, नाहीतर तुमचा-आमचा रामराम," दीनानाथरावांनी होणाऱ्या जावयाला बजावलं.

उन्मेष मान खाली घालून बसला. बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एका केमिकल कारखान्यासाठी गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारा प्रोग्राम, हे त्याचं पहिलंच स्वतंत्र काम. ते पुरं झाल्यावरच बोहल्यावर चढायचं, ही अटही त्याचीच. एक मार्चला दांडिया बाजारातल्या याच बैठकीत त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "तीन महिन्यांत उडवतो!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. याचं बाशिंग कॉम्प्युटरला बांधलेलं. कारखान्याचे शेठ दर आठवड्याला गोड हसून म्हणायचे, "उन्मेषभाई, आटलुं एक उमेरी आपो ने," म्हणजे एवढं एक वाढवून द्या ना. पिंपांच्या नोंदीनंतर ट्रकांची आली, ट्रकांनंतर गेटपासची. प्रत्येक वेळी उन्मेष म्हणायचा, "दोन दिवसांचं तर काम." वैशाख गेला, चातुर्मास लागला, दिवाळीही झाली. नातेवाइकांना काय सांगावं हे दीनानाथरावांना कळेना.

काम संपलं चार दिवसांपूर्वी. तेव्हापासून उन्मेष बडोदे पालथं घालत होता.

"सगळीकडे नकार," तो पडेल आवाजात म्हणाला. "खंडेराव मार्केटजवळच्या कार्यालयातली एक डिसेंबर तर कुणीतरी मार्चातच अडवून ठेवलीय."

दीनानाथरावांची मुलगी मैथिली आतून आली आणि तिने वडिलांपुढे कार्यालयाची पावती ठेवली. लग्नाची तारीख एक डिसेंबर. नाव तिचंच. पावती फाडलेली दोन मार्चला.

"अहो, पण मी तर तीन महिने म्हणालो होतो!"

"मला बघायला आलात तेव्हा फोनवर म्हणालात, अर्ध्या तासात पोचतो. उगवलात दीड तासाने. म्हणून तीनाचे मी नऊ धरले."

"मग तेव्हाच सांगायचं की!"

"तुम्हीच नऊ म्हणाला असतात, आणि मला सत्तावीस धरावे लागले असते."

दीनानाथराव खो खो हसत सुटले. उन्मेष मात्र पुरता ओशाळला होता.

"पहिल्याच दिवशी एवढं ओळखलंत, तरी होकार दिलात?"

मैथिलीने पावतीची नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

"उशिरा का होईना, आलात ना!"