गाठीचा दरवाजा

"म्हणजे ही प्रथा नेमकी किती जुनी?" मृण्मयीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"तीनशे वर्षं तरी," केशव म्हणाला. मघाशी त्यानं चारशे सांगितली होती.

गुलमंडीमागच्या बोळातला हा छोटा दरवाजा. शहरातल्या बावन्न दरवाजांपैकी बरेच पडले. हा कुणाच्या मोजणीतच नव्हता, म्हणून वाचला. सतरा वर्षांपूर्वी मकबरा अचानक बंद निघाला आणि नागपूरची अख्खी बस अंगावर आली, तेव्हा गाइड केशवनं त्या पाहुण्यांना इथं आणलं होतं. "याचं वैशिष्ट्य काय हो?" एका काकूंनी विचारलं. वैशिष्ट्य काहीच नव्हतं. वरच्या दगडी जाळीत पतंगाचा मांजा तेवढा अडकला होता. केशव इतिहास घेऊन बी.ए. झालेला. त्याला तेवढं पुरलं.

मनातली इच्छा चिठ्ठीवर लिहायची. दोऱ्यात गुंडाळून जाळीला गाठ मारायची. मग सव्वा वर्ष घरात त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बोललात की गाठ वाया. या शेवटच्या नियमाचा त्याला स्वतःलाच अभिमान होता. ज्यांचं काम झालं ते कौतुक करत, आणि ज्यांचं झालं नाही ते आपण कुणापाशी बोललो ते आठवत बसत.

पुढं वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याची मुलाखत आली. पुण्याच्या एका बाईंचं ऑपरेशन गाठ मारल्यावर टळलं, हेही त्यानं त्यात छापून आणलं. बाई नव्हत्या आणि ऑपरेशनही नव्हतं, पण फोटो बरा आला होता. बायकोनं, उमानं, ते पान देवघराच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवलं होतं.

आता दोऱ्यांच्या ओढीनं जाळीला भेगा पडल्या होत्या आणि वारसा समितीनं मृण्मयीला पाठवलं होतं.

"स्पष्टच सांगते, काका," ती म्हणाली. "प्रथा इथल्या लोकांची असेल तर जाळीला आधार देऊ, फलक लावू, त्यावर तुमचं नाव घालू. नुसतीच पाहुण्यांसाठी रचलेली असेल तर उद्या दोरे उतरतील. आणि तुमचा गाइडचा परवानाही."

"रचलेली? अहो, मॅडम!"

"सकाळपासून एकशे दहा चिठ्ठ्या वाचल्या मी. व्हिसा, नोकरी, 'त्यानं मला अनब्लॉक करावं'. सुरत, बंगळूर, एक पॅरिस. गारखेड्याचं एक माणूस नाही."

केशव स्वतः गारखेड्याचा होता, पण तो पुरावा चालण्यातला नव्हता.

त्यानं डब्याची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. उमा डबा जुन्या पोपटी साडीच्या फडक्यात बांधून देई. फडक्याची एक कड फाटलेली होती आणि गाठ पिशवीबाहेर डोकावत होती. सकाळी डबा देताना तिनं विचारलं होतं, "अहो, मोजताना अधिक महिना धरायचा की सोडायचा?"

"काय मोजतेयस?"

"असंच."

उमाचं काही ना काही व्रत वर्षभर चालूच असे. "सोडायचा," तो चपला घालत म्हणाला होता. "जास्तीचं पुण्य कुणी परत मागत नाही."

"म्हणजे अजून एक महिना," ती म्हणाली होती. मग वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढून द्यायला लावला. हल्ली तिचा डावा हात वर जात नसे. वयाचं असणार.

"सायेब," बाजूला दोऱ्यांची टोपली घेऊन बसलेला कडुबा न राहवून बोलला. दरवाजा गेला की त्याचंही दुकान जाणार होतं. "गावातलं बी येतंय की मानूस! एक बाई हाय. मागल्या साली आली. माझा दोरा नाय घेतला, घरूनच चिंधी आणल्याली. म्या म्हनलं, बाई, असं नाय चालत. तर म्हनती कशी, नियमात कुठं दोराच पायजे म्हनलंय? लई शिकल्याली दिसली. अजून बी येती सोमवारी. हात लावती न् जाती."

सोमवारी केशव वेरूळला असे. "अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?"

"कुठं बांधलीय?"

"त्या वरच्या कोपऱ्यात. माझ्याच स्टुलावर चढली व्हती."

मृण्मयी स्टुलावर चढली. केशवनं दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं आणि मान खाली घालून, चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच, त्या दरवाजाकडे काहीतरी मनापासून मागितलं.

"सापडली," वरून आवाज आला. "मराठी आहे."

"वाचा! मोठ्यानं वाचा!"

"'डाव्या छातीतली गाठ विरून जाऊ दे. सव्वा वर्ष घरात बोलणार नाही. डॉक्टरकडेही जाणार नाही, म्हणजे घरात कळायचं नाही.'" ती थांबली. "काका, हे भयंकर आहे."

"हे अस्सल आहे, मॅडम!" केशवचा आवाज बोळात घुमला. "याला म्हणतात श्रद्धा. ही रचता येते का? सांगा ना, येते रचता?"

"तसं नाही, पण त्या बाई..."

"लिहा. स्थानिक. चालू प्रथा."

"मंग? म्या काय म्हनत व्हतो!" कडुबानं मांडीवर थाप मारली.

मृण्मयीनं सुस्कारा सोडून कागदावर खूण केली. "फलकावर नाव कसं घालू?"

"केशव विनायक देशपांडे. ज्येष्ठ मार्गदर्शक."

"बरं, हे धरा," ती म्हणाली आणि वाकून तिनं सोडलेली चिंधी खाली दिली. केशवचे दोन्ही हात स्टुलाला होते. चिंधी त्याच्या पिशवीवर पडली. पोपटी होती, आणि तिची फाटकी कड डब्याच्या फडक्याच्या फाटक्या कडेला जुळत होती.